आचऱ्याचे कानविंदे आणि किनाऱ्यावरील घरे

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव रामेश्वराच्या देवस्थानामुळे आणि गावपळणीच्या प्रथेमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. स्वतंत्र भारताच्या वास्तुकलेला नवे वळण देणाऱ्यांपैकी एक, अच्युत कानविंदे, १९१६ साली याच गावी जन्मले, ही गोष्ट मात्र खुद्द सिंधुदुर्गातही फार थोड्यांस ठाऊक असावी.

चित्रकार पित्याचे हे चिरंजीव मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले. पुढे सरकारने त्यांना हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिक्षणासाठी पाठविले. परतल्यावर त्यांनी शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेत काम केले आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःची संस्था काढली. कानपूरचे आय.आय.टी., मेहसाण्याची दूधसागर डेअरी, मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र या त्यांच्या कृती होत. १९७४ साली ते पद्मश्री झाले. २००२ मध्ये निवर्तले.

ग्रोपियस यांची शिस्त त्यांनी घेतली, पण साचा घेतला नाही. कानपुरात त्यांनी विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत सावलीतून नेणारे उंच पादचारी मार्ग योजिले. मेहसाण्यात उष्णता व वाफ बाहेर टाकणारे उंच झोत छपरावर उभारले आणि त्यांतूनच त्या डेअरीला तिचे रूप लाभले. इमारतीचा आकार हवामानाने आणि वापराने ठरावा, हा त्यांच्या कार्याचा इत्यर्थ होय.

त्यांच्या जन्मभूमीत आज काय दिसते? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि मालवण-तारकर्ली परिसरात बांधकामांस ऊत आला. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीवर सपाट स्लॅब पडतो. चार पावसाळ्यांत तो गळू लागतो. मग त्यावर पत्र्याचे छप्पर चढते. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च! पडवी गेली, वळचण गेली, आणि उघड्या भिंतींवर पावसाची झड थेट आपटू लागली.

चिरेबंदी कौलारू घरांकडे परत चला, असे म्हणणे सोपे आहे. लाकूड महागले, दरवर्षी कौले परतावयास माणसे मिळत नाहीत, कुटुंबे लहान झाली, हे सारे खरेच आहे. शिवाय कानविंदे स्वतः काँक्रीटचे वास्तुशिल्पी होते. दोष साहित्याचा नसून विचारशून्यतेचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणच्या राजकोटावर उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. समोर समुद्रात सतराव्या शतकातील सिंधुदुर्ग मात्र उभा आहे. खाऱ्या वाऱ्याचा हिशेब न मांडता केलेल्या घाईची किंमत याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

म्हणून अपेक्षा एवढीच, की जिल्हा परिषदेने आपल्या शाळा व आरोग्य केंद्रे यांच्यासाठी या पावसाला व या वाऱ्याला साजेसे नमुना-आराखडे खुल्या स्पर्धेतून तयार करवून घ्यावेत आणि त्या स्पर्धेस कानविंदे यांचे नाव द्यावे. घर बांधणाऱ्या सामान्य माणसास हे आराखडे ग्रामपंचायतीत विनामूल्य मिळावेत. आचऱ्यात त्यांच्या नावाची कमान उभारणे कठीण नाही. पहिल्याच पावसात न गळणारी एक प्राथमिक शाळा उभी राहिली, तर ती त्या कमानीपेक्षा अधिक शोभेल.