लपंडावातून जन्मलेले भय



बंद दाराआड भयखेळ खेळणाऱ्या मुलांवर आपण रागावतो. तो खेळ घडला कसा, हे मात्र विचारीत नाही. ‘एलियन: आयसोलेशन’ या २०१४ सालच्या व्हिडिओ गेमची जन्मकथा जाणून घेण्याजोगी आहे.

इंग्लंडमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ ही संस्था ‘टोटल वॉर’ या युद्धखेळांसाठी ख्यात. तिथल्या सहा जणांनी प्रथम एक छोटा नमुना रचला. त्यात एक खेळाडू परग्रहावरील प्राणी होई आणि दुसरा त्याच्यापासून लपे. आपला लपंडावच तो! पुढे रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटाची मूळ रेखाचित्रे व छायाचित्रे अभ्यासली गेली. जुन्या पडद्यावरची थरथर खरी वाटावी म्हणून काही दृश्ये व्हीएचएस फितीवरही उतरवली गेली.

तयार खेळातही त्या प्राण्याला ठार करता येत नाही. श्वास रोखून, धीराने निसटावे लागते. युरोपात हा खेळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे, ही मर्यादा पाळावीच. मात्र ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी मुलांजवळ बसून ‘तुला कशाची भीती वाटते?’ एवढे अवश्य विचारावे.