शिष्यवृत्ती की शाबासकी?

मुरबाड ही नाना शंकरशेट यांची जन्मभूमी. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती म्हणजे महाराष्ट्रातील गुणवत्तेचा मानबिंदू. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले येऊन चिंतामणराव देशमुखांनी ती पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. अशा सन्मानाला कोणाचा आक्षेप असणार? प्रश्न वेगळाच आहे. नानांच्याच तालुक्यातील टोकावडे परिसरातल्या मुलांपर्यंत विद्यापीठाचा आधार कोणत्या वाटेने पोहोचणार?

टोकावडे हे मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा वाडीतील मुलीचे साठ टक्के आणि खासगी शिकवण्यांच्या बळावर शहरातील मुलाने मिळवलेले नव्वद टक्के एकाच तराजूत तोलायचे, याला निःपक्षपातीपणा म्हणायचे काय?

१९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवणाऱ्या तरुणाला केवळ गुणपत्रिका पाहून आज कोणते विद्यापीठ शिष्यवृत्ती देईल? तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर! केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, सयाजीराव गायकवाडांनी तरुणाची पारख केली आणि दरमहा पंचवीस रुपये देऊ केले. १९१३ साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांनी गरज ओळखली, तशीच प्रतिकूलतेशी झुंजणारी कुवतही ओळखली.

आदिवासी मुलांसाठी सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच, असे उत्तर मिळेल. ती आहे आणि हवीच. पण दात्यांनी विद्यापीठांच्या स्वाधीन केलेल्या निधींचे काय? त्यांतील कितीतरी पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या पहिल्या क्रमांकाच्या नावाने ठेवलेल्या असतात. सधन घरातील प्रथम क्रमांकाला त्या रकमेने काय फरक पडतो? तीच रक्कम गरीब मुलीच्या वसतिगृहाचा, खाणावळीचा आणि एसटीच्या पासाचा खर्च भागवू शकते. एकीसाठी ती शाबासकी, दुसरीसाठी शिक्षण चालू राहण्याचा एकमेव मार्ग!

केवळ गरज पाहिली तर आळसाला उत्तेजन मिळेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच दोन्ही कसोट्या हव्यात. मात्र त्यांचा क्रम ठरला पाहिजे. आधी गरज पाहावी. गरजूंमधून निवड करताना गुण पाहावेत आणि ते कोणत्या परिस्थितीत मिळवले, याचीही दखल घ्यावी. पुढील वर्षाचा हप्ता मात्र अभ्यासातील प्रगती पाहूनच द्यावा. पहिल्या आलेल्यांना पदक द्यावे, व्यासपीठावर बोलावून त्यांचा गौरव करावा. पैसा मात्र त्याच्यावाचून ज्याचे शिक्षण थांबेल, त्याच्याकडेच गेला पाहिजे. आणि तोही प्रवेशाच्या वेळी, निकाल लागून गेल्यावर नव्हे.

विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांना यासाठी नवा निधी उभारावा लागणार नाही. आहेत त्या निधींचे नियम दात्यांच्या वारसांशी बोलून बदलता येतील. ही विनंती करण्यात संकोच कसला? दानशूर नानांच्या तालुक्यातील एका लेकराचे शिक्षण पैशावाचून थांबणे, ही लाजेची गोष्ट त्याच्यासाठी नसून आपल्यासाठी आहे.