झोपण्यापुरतें गांव

आमच्या तालुक्यांतून पोट भरण्यासाठीं मुंबईस गेलेल्या माणसाचा पत्ता पूर्वी लालबाग, परळ, वरळी असा असे. अलीकडे तो डोंबिवली, कल्याण, बदलापूर असा आढळतो. गिरणीच्या भोंग्याशेजारची खोली सुटली आणि माणूस लोहमार्गानें तीस मैल दूर जाऊन राहिला. काम मात्र पुष्कळांचें अजून मुंबईंतच आहे. आमच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं कित्येक जण त्याच वाटेनें जातील. म्हणून गगनबावड्यास बसून डोंबिवलीची हकीकत सांगणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

डोंबिवली हें मूळचें खाडीकांठचें खेडें. आगरी-कोळी लोकांची वस्ती, भोंवतालीं भातशेती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. वाटेंतलीं शेतें डोंबिवलीचींच होतीं. पण गाडी जवळून गेली एवढ्यानें शहर वसत नाहीं. त्यास आधीं वेग लागला. १९१६ सालीं पारसिकच्या डोंगरांतून बोगदा निघाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत विजेची गाडी सुरू झाली व पुढें ती कल्याणच्या बाजूसहि आली. मग मुंबईंतील दाटीनें उरलेलें काम केलें. गिरगांव-दादरच्या चाळींत मुलगा लग्नाचा झाला कीं जागा पुरेना. कारकून, शिक्षक, रेल्वेंतील नोकर यांस आपल्या पगारांत बसेल असें घर डोंबिवलीस मिळूं लागलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. तो फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि गिरणगांवांतलीं घाटावरचीं कुटुंबेंहि त्याच मार्गास लागलीं. १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं.

या गांवास नांवें ठेवणें सोपें आहे, पण आम्हांस तें मान्य नाहीं. दिवसभर दुसऱ्याच्या शहरांत राबून आलेल्या माणसांनीं उरल्यासुरल्या वेळांत तेथें ग्रंथालयें चालविलीं, व्याख्यानें भरविलीं, शाळा काढल्या. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक याच गांवीं राहिले. गुढीपाडव्याच्या सकाळीं निघणारी नववर्षाची शोभायात्रा विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें सुरू झाली आणि तिचें अनुकरण गांवोगांव झालें. २०१७ सालीं नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीस भरलें. थकलेल्या माणसांनीं केलेलें हें काम आहे, आणि तें लहान नव्हे.

परंतु विद्यार्थिमित्रहो, पाटी घेऊन एक हिशेब मांडा. घरापासून कचेरीपर्यंत जाण्यास दोन तास आणि येण्यास दोन तास धरा. वर्षाचे तीनशें दिवस धरले तर बाराशें तास, म्हणजे अहोरात्र मोजल्यास पन्नास दिवस होतात. तीस वर्षांच्या नोकरींत हे दीड हजार दिवस झाले. चार वर्षांहून अधिक आयुष्य गाडींत, आणि तेंहि बहुधा उभ्यानें! याचा पगार कोणी देत नाहीं. बाप पहांटे निघतो तेव्हां मूल झोपलेलें असतें, आणि परततो तेव्हां तें पुन्हां झोपलेलें असतें. त्याचें पुस्तक पाहण्यास त्यास एक रविवार सांपडतो. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि त्यांतील कांहींचा अंत झाला. ठाणें-दिवा यांमधील पांचवी व सहावी मार्गिका २०२२ सालीं पूर्ण झाली होती, तरी असें घडलें. रूळ वाढविल्यानें सर्व भागत नाहीं, हें यावरून उघड आहे.

आमच्या मतें याहून मोठी हानि निराळीच आहे. ज्या गांवाचे मिळवते लोक दिवसा गांवांत नसतात, त्या गांवावर पहारा करणारें कोणी राहत नाहीं. कोणत्या शेतांत कोणाची इमारत उठली, रस्त्याची खडी कोठें गेली, हें पाहण्याचा व विचारण्याचा वेळ कचेऱ्या उघड्या असतांनाचा. आणि नेमका तोच वेळ मालक परगांवीं घालवितो. २०२४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें डोंबिवली परिसरांतील ६५ बेकायदेशीर इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांच्या आधारें त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांत जन्माची पुंजी घालून सामान्य कुटुंबें राहावयास गेलीं होतीं. मुलाच्या घरासाठीं जमीन अथवा जनावरें विकून पैसे धाडणाऱ्या पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. परवानगीचा कागद दलालाच्या हातून घेऊं नये. महानगरपालिकेच्या नगररचना विभागांत स्वतः जाऊन तो पडताळून पाहावा. त्यासाठीं एका दिवसाची मजुरी बुडाली तरी बुडूं द्यावी.

बावड्याची जहागीर ज्या पंत अमात्य घराण्याकडे होती, त्यांतील रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ पुष्कळांनीं ऐकलें असेल. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या त्या ग्रंथांत किल्ल्याविषयीं सांगतांना, आधीं पाणी पाहावें आणि मग किल्ला बांधावा, असा नियम दिलेला आहे. डोंबिवलीच्या आसपास तो उलटा झाला: आधीं मजल्यावर मजले चढले आणि मागाहून पाण्याचा शोध सुरू झाला. २०१५ सालीं महापालिकेंत पुन्हां घेतलेल्या सत्तावीस गांवांत पाण्यासाठीं ओरड होते, याचें नवल नाहीं.

इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड नांवाच्या एका साध्या लघुलेखकानें १८९८ सालीं एक पुस्तक लिहिलें. लंडनची गर्दी हटवावयाची तर कामधंद्यासकट नवीं गांवें वसवावीं, एका गांवांत बत्तीस हजारांहून अधिक वस्ती नसावी, आणि भोंवतालीं शेती राखावी, असें त्याचें म्हणणें होतें. १९०३ सालीं लेचवर्थ हें गांव त्या धर्तीवर वसूं लागलें. तें सर्वस्वीं त्याच्या मनाप्रमाणें झालें असें नाहीं. परंतु कारखाना आणि घर यांचा विचार एकाच वेळीं करतां येतो, एवढें त्यानें दाखविलें. आमच्या सबंध तालुक्याची वस्ती २०११ च्या खानेसुमारींत पस्तीस हजारांच्या घरांत होती. हॉवर्डच्या एका गांवाएवढे आम्ही आहों, शेती आमच्याकडे त्याच्या कल्पनेहून अधिक आहे, पाण्याविषयीं तर आमच्या पावसाळ्यास कोणी दोष देणार नाहीं! उणीव आहे ती कामाची.

हें आजच लिहिण्याचें कारण असें. कोल्हापूर ते वैभववाडी हा लोहमार्ग २०१६ सालच्या रेल्वेच्या अंदाजपत्रकांत आला. तो अद्याप झालेला नाहीं. या दोन गांवांच्या मधोमध आमचा डोंगर आहे, आणि गाडी आली म्हणजे आपलें भाग्य उघडेल असें येथें सर्रास बोललें जातें. गाडी यावी असें आम्हांसहि वाटतें. घाटांत दरड कोसळली म्हणजे रस्त्याचा भरंवसा किती असतो तें आम्ही जाणतों. पण पन्नासपंचावन्न किलोमीटरांवरील कोल्हापुरास आमच्या मुलांनीं सकाळीं उठून जावें आणि रात्रीं परत यावें, एवढ्यापुरतीच ती येणार असेल, तर आम्ही डोंबिवलीचीच धाकटी बहीण होऊं, आणि तीहि ग्रंथालयावांचून. ऊस, नाचणी, मध, हिरडा हा डोंगरचा माल येथेंच तयार होऊन गाडींत चढावा, त्यासाठीं स्थानकाशेजारीं जागा राखावी, अशी मागणी ग्रामसभांनीं आतांच लिहून ठेविली पाहिजे. आंखणीचे खुंटे शेतांत रोवले गेले कीं जमिनीचे दलाल दुसऱ्याच दिवशीं दारांत येतील. तोंवर ठराव झालेला नसेल, तर त्या जागेवर काय उभें राहावें हें तेच ठरवितील.