औषध सुटले की भाकर सुटली?

क्षयाचा रुग्ण औषध मध्येच सोडतो तेव्हा रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेरा पडतो. अडाणी आहे, ऐकत नाही, भगताकडे जातो! आपल्या वस्त्यांना हे बोल नवे नाहीत. सातासमुद्रापलीकडच्या गरिबांनाही ते ऐकावे लागतात.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला अत्यंत गरीब देश. १९५६ साली तेथे पेलिग्रचे धरण झाले, सुपीक खोरे बुडाले आणि शेतकरी उजाड डोंगरावर येऊन बसले. त्यांचेच एक गाव कांज. पॉल फार्मर या अमेरिकन डॉक्टरांनी तेथे १९८० नंतरच्या दशकात काम सुरू केले. ते मानववंशशास्त्राचेही अभ्यासक होते. म्हणजे रोग्याच्या छातीबरोबर त्याची चूलही तपासणारे.

त्यांनी क्षयरुग्णांचे दोन गट पाहिले. औषध दोन्ही गटांना फुकट. एका गटाला त्याशिवाय पोटापुरते पैसे, सकस अन्न आणि घरी येऊन विचारपूस करणारा गावचाच आरोग्य कार्यकर्ता. त्या गटातले सगळे बरे झाले. नुसते औषध मिळालेल्यांतले मात्र जवळपास निम्मेच. क्षय करणीने होतो असे मानणारे पुष्कळ होते, पण त्या समजुतीचा बरे होण्याशी संबंध दिसला नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही बोलतो आणि बोलत राहू. परंतु भुकेचे खापर तिच्यावर फोडू देणार नाही.

पुढे पेरू देशात, लिमा शहराच्या कडेच्या गरीब वस्तीत, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय आढळला. जागतिक तज्ज्ञांचे मत होते की, गरीब देशांना याचा उपचार परवडत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, खतावणीवर पोट भरणारे. 'परवडत नाही' म्हटले की आधी भाव कोणी ठरवला ते पाहतो. फार्मर आणि त्यांच्या साथीदारांनी तेच केले. उपचार दिले, बहुतेक रुग्ण बरे झाले. औषधांच्या एकत्र खरेदीची खटपट झाली आणि काहींचे भाव ९० टक्क्यांच्या आसपास उतरले. फार्मर २०२२ साली रवांडात वारले.

आपल्याकडे क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे बँकेच्या खात्यात येतात. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी पासबुक घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि नाव नोंदले आहे का, हे विचारावे.