हाताखालच्या माणसाला घडविताना

'हाताखालची माणसे नीट काम करीत नाहीत' ही तक्रार जेथे ऐकू येत नाही असे कार्यालय विरळाच. विभागप्रमुख कारकुनाविषयी, मुख्य परिचारिका नव्या परिचारिकेविषयी, कारखान्यातील पर्यवेक्षक उमेदवाराविषयी हेच गाऱ्हाणे सांगत असतो. त्यात बहुधा तथ्यही असते. मात्र गाऱ्हाणे सांगणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला क्वचितच विचारलेला असतो : हे काम त्या माणसाला कोणी शिकविले होते काय? 'सांगितले होते' असे उत्तर तत्काळ मिळते. सांगणे आणि शिकविणे यांत जे अंतर आहे, त्याविषयी आज थोडा विचार करू.

या अंतराचा पद्धतशीर विचार पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या कारखान्यांत झाला. जहाजे तातडीने हवी होती आणि ती बांधणारे कुशल हात थोडे होते. औद्योगिक शिक्षणाचे जाणकार चार्ल्स ॲलन यांनी शिकविण्याची चार पायऱ्यांची रीत आखली आणि १९१९ साली ती पुस्तकरूपाने मांडली. शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि शेवटी ते त्याला एकट्याने साधते की नाही हे पाहावे, अशा त्या चार पायऱ्या होत. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाच्या अमेरिकन सरकारी योजनेने याच पायावर पर्यवेक्षकांसाठी छोटे अभ्यासक्रम चालविले. दोन-दोन तासांच्या पाच बैठकी आणि खिशात मावेल असे एक कार्ड, एवढाच त्यांचा पसारा. १६ लाखांहून अधिक लोक त्यांतून तयार झाले. कामगार शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेलेच नाही, हे त्या शिकवणीचे सार होते. युद्ध संपल्यावर ही रीत जपानात गेली आणि टोयोटासारख्या उद्योगांनी ती अंगी बाणवली.

या रीतीत 'कळीच्या मुद्द्यां'ना फार महत्त्व आहे. त्यांचा अर्थ समजण्यासाठी कारखान्यात जावयास नको, स्वयंपाकघर पुरे. मुलीला भाकरी शिकविताना आई म्हणते, ''पीठ घे, पाणी घाल, मळ आणि थाप.'' मुलीची भाकरी काठाशी चिरते. आई पुन्हा तेच सांगते आणि भाकरी पुन्हा चिरते. पीठ जुने असेल तर पाणी चांगले कढत हवे आणि गोळा तळहाताने रगडून मळावयास हवा, ही गोष्ट आईच्या हाताला ठाऊक असते, पण जिभेवर येत नाही. तीस वर्षांच्या सवयीने ती तिच्या लेखी सांगण्याजोगी उरलेलीच नसते. काम उत्तम जाणणारा माणूस पुष्कळदा वाईट शिक्षक ठरतो, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून शिकविण्यापूर्वी त्याने ते काम एकदा सावकाश करावे, आपला हात नेमका कोठे थबकतो आणि कोठे जोर लावतो ते पाहावे, आणि तेवढे मुद्दे कागदावर उतरवावेत.

येथे माझ्याच अनुभवाची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती माझ्या चुकीची आहे. अनुवाद तपासण्याचे काम माझ्याकडे असताना हाताखाली इंदूरचा एक तरुण अनुवादक रुजू झाला. मूळ मजकूर त्याला उत्तम समजे, पण त्याचे मराठी वाक्य लंगडत चाले. 'शेतकऱ्यांच्या द्वारे पेरणी पूर्ण केली गेली' अशी वाक्ये पानोपानी असत. मी तांबड्या शाईने पान रंगवीत असे आणि दुसऱ्या आठवड्यात तीच वाक्ये पुन्हा समोर येत. असे अकरा महिने चालले. त्याची परिवीक्षा संपण्यास तीन महिने उरले होते आणि अहवाल मला लिहावयाचा होता. 'असमाधानकारक' हा शब्द मी मनात लिहूनही ठेवला होता.

एके दिवशी मी जरा रागानेच विचारले, ''माझ्या दुरुस्त्या तुम्ही पाहता तरी का?''

तो संकोचून म्हणाला, ''मॅडम, त्या माझ्याकडे येतच नाहीत.''

ते खरेच होते. दुरुस्त केलेली पाने माझ्या मेजावरून सरळ जुळणीकडे जात आणि नंतर दप्तरात पडत. अकरा महिने माझ्या तांबड्या शाईने छापील मजकूर सुधारला होता, लिहिणाऱ्या माणसापर्यंत मात्र ती पोहोचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसू लागले. लेखणी मात्र त्याच्या हाती ठेवली. तो आपले वाक्य मोठ्याने वाचून दाखवी आणि मी विचारी, ''हेच तुमच्या आजीला सांगावयाचे झाले, तर कसे सांगाल?'' तो क्षणभर थांबून म्हणाला, ''शेतकऱ्यांनी पेरणी उरकली.'' आणि स्वतःच वाक्य खोडू लागला. या साऱ्यात कठीण काय होते म्हणाल, तर गप्प राहणे! योग्य शब्द माझ्या ओठांवर असे आणि तो शोधण्यास त्याला दोन मिनिटे लागत. ती दोन मिनिटे त्याची आहेत हे मनाला पुनःपुन्हा बजावावे लागे.

विचारण्याचे हे सामर्थ्य टेनिसचे शिक्षक टिमथी गॅल्वे यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात विशद केले आहे. सूचनांचा भडिमार केला की खेळाडू अधिकच अवघडतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून चेंडू केव्हा टप्पा घेतो आणि केव्हा फळीवर येतो, एवढेच पाहावयास ते सांगत, आणि हात आपोआप सुधारे. एके काळी मोटारींच्या शर्यतींत उतरणारे इंग्लंडचे जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार व्यवस्थापनात आणला. १९९२ सालच्या त्यांच्या पुस्तकाने चार प्रश्न सर्वतोमुखी केले : काय साधावयाचे आहे? सध्या स्थिती काय आहे? कोणकोणते मार्ग आहेत? त्यांतले काय आणि केव्हा करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाताखालच्या माणसाने स्वतः दिले, तर ते काम वरिष्ठांच्या हुकमाचे न राहता त्याचे स्वतःचे होते. संगणकक्षेत्रातील गूगल कंपनीने २००८ साली आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा उत्तम अधिकाऱ्याचे आठ गुण समोर आले. त्यांत चांगला मार्गदर्शक असणे हा गुण पहिला होता आणि तांत्रिक ज्ञान आठवे!

याचा अर्थ सदैव प्रश्नच विचारावेत असा नव्हे. आग लागली असता हुकूमच द्यावा लागतो, आणि अगदी नवख्या माणसाला आधी करून दाखवावेच लागते. दोष कसबात आहे, साधनांत आहे की घरच्या एखाद्या विवंचनेत आहे, हेही प्रथम पाहावे. यंत्र बिघडलेले असताना कामगाराला धडे देण्यात काय हशील? चूक दाखवावयाची ती त्याच दिवशी, एकांतात आणि एका वेळी एकच. 'तुमचे काम ढिसाळ आहे' असे म्हणण्यापेक्षा 'या तक्त्यातील तिसऱ्या रकान्याची बेरीज जुळत नाही' असे म्हणावे. पहिल्या वाक्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने तो बेरीज तपासू लागतो. आणि बेरीज जुळली, तर तेही बोलून दाखवावे. चुकीची दखल तोंडी घ्यावयाची आणि चांगल्या कामाची मनातल्या मनात, हा आपल्याकडील जुना रिवाज आता सोडलेला बरा.

त्या तरुणाच्या चुका तीन महिन्यांत संपल्या नाहीत, पण बदलल्या. जुन्या जाऊन नव्या आल्या, आणि नव्या चुका हे शिकण्याचेच लक्षण होय. अहवालात मी 'समाधानकारक' असे लिहिले. वाया गेलेल्या अकरा महिन्यांसाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता. असता, तर तो माझ्या नावे भरावा लागला असता.

वाचकांपैकी ज्यांच्या हाताखाली कोणी नाही, त्यांच्याही घरी अभ्यासाला बसलेले एखादे मूल किंवा स्वयंपाकघरात नव्याने वावरणारे कोणी असेलच. आज त्यांची भाकरी चिरली, तर ती आपल्या हाताने थापून देण्यापूर्वी एवढेच विचारून पाहावे : ''कोठे अडते आहे?'' आणि मग उत्तर येईपर्यंत थांबावे.