झाकल्या मुठीने धंदा वाचत नाही

धंदा अडचणीत आला की मालकाने चेहरा हसरा ठेवावा आणि तोंड बंद, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्याच्या पाठीशी असते. लोणावळ्याच्या हॉटेलांत कंपन्यांची नेतृत्वशिबिरे भरतात. नेत्याने डगमगलेले दिसता कामा नये, हे तिथल्या बोलण्यातही येतेच. शब्द नवे, सल्ला जुनाच.

या मताच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, ते आधी मांडतो. बाजारात पत हेच भांडवल. अडचणीचा वास लागला की कच्चा माल देणारा रोख मागतो, चांगला कारागीर दुसरीकडे चौकशी करू लागतो, घेणेकरी सगळे एकाच आठवड्यात दारात येतात. ही भीती खरी आहे आणि ज्याने पगाराची तारीख सांभाळली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण हे सारे मत एका खोट्या गृहीतावर उभे आहे: मालकाने सांगितले नाही तर कोणाला कळत नाही. मावळातल्या गुलाबाच्या एखाद्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन पाहा. फूल सकाळी कापायचे, लगेच पाण्याच्या बादलीत उभे करायचे, दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडायचे, वीस-वीसची गड्डी बांधून शीतगृहात न्यायची. ही कामे मजुरांच्या हातची. गड्ड्या पडून राहिल्या की आधी त्यांनाच दिसते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बाजार बंद झाले, पण झाड फुलायचे थांबले नाही. उमललेले फूल झाडावर सोडले तर रोग पसरतो, म्हणून फुले कापावी लागली आणि कापून फेकावी लागली. मजुरी, औषधे, कर्जाचे व्याज चालूच. ज्यांनी स्वतःच्या हाताने फुलांचे ढीग खड्ड्यात टाकले त्यांच्यापासून मालक काय झाकणार होता?

म्हणजे गुपित राहत नाही. जे मदत करू शकले असते ते मात्र मालक काही बोलत नाही म्हणून हात बांधून बसतात.

बँकेचेच घ्या. हप्ता 90 दिवस थकला की कर्ज अनुत्पादित ठरते. त्याआधी 30, 60 आणि 90 दिवसांच्या तीन पायऱ्यांवर बँक खात्याची नोंद ‘विशेष उल्लेख’ म्हणून घेत असते, म्हणजे तिच्यापासूनही काही लपत नाही. 2015 साली केंद्र सरकारने आणि 2016 साली रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी पुनरुज्जीवनाची चौकट ठरवून दिली. 25 कोटींपर्यंतच्या कर्जासाठी ती आहे. धंदा तोट्यात जाण्याची चिन्हे दिसली तर कर्जदाराने स्वतःहून अर्ज करावा, अशी त्यात सोय आहे. हप्त्यांची फेरमांडणी तिथे होऊ शकते. खाते एकदा बुडीत गेले की तारण जप्त करून कर्ज वसूल करण्याच्या, म्हणजे सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते आणि गहाण जागा हातची जाते. तळेगाव एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला तोंड बंद ठेवण्याची ही किंमत मोजावी लागते.

उघड्या मुठीचा धंदा कसा टिकतो, याचा दाखला याच मावळ तालुक्यात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख. या उपक्रमाचे मोठे पाठीराखे लोकमान्य टिळक त्याच वर्षी सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेला गेले. पुढे वार्ष्णेयही संयुक्त प्रांतात गेले आणि बहजोईला त्यांनी काचेचाच कारखाना काढला. तरी तळेगावची भट्टी चालू राहिली. माझ्या मते याचे मोठे कारण असे की तिथे विद्या कोणा एकाच्या मुठीत नव्हती. तरुणांना काचकाम शिकवणे हे त्या कारखान्याचे कामच होते. हजारोंच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला झाकून ठेवणे परवडलेही नसते.

उघडे बोला म्हणजे चौकात दवंडी पिटा, असे मी म्हणत नाही. स्पर्धकाला हिशेब दाखवायची गरज नाही. पण पगार लांबणार असेल तर तो लांबण्याआधी कामगारांना सांगितले पाहिजे, किती दिवस ते आकड्यात सांगितले पाहिजे. आणि घरी सांगितले पाहिजे. बायकोला न कळवता तिचे दागिने गहाण टाकणारा मालक खंबीर नसतो, तो एकटा पडलेला असतो. एकट्याने रात्री घेतलेले निर्णयच पुढे धंद्याला खोलात नेतात. मन कणखर करण्याच्या शिबिरांवर कंपन्या खर्च करतात. त्याऐवजी दर महिन्याला चार अनुभवी धंदेवाल्यांपुढे आपली वही उघडून बसावे, याने जास्त काम होईल अशी माझी खात्री आहे.

ज्यांचा पुढचा हप्ता आज अवघड दिसतो आहे त्यांना एवढीच विनंती: तो चुकण्याआधी, या आठवड्यातच, लेखी अर्ज घेऊन बँकेत जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.