आजी चुकत नाही

आपल्या मराठी मंडळाच्या सहलीत मुलांनी बागेसाठी झाडांच्या नावांच्या पाट्या रंगवल्या. बेत सुरेखच होता, पण पंधरा-वीस पाट्यांत एकही मराठी नाव नाही. बेसिल, मिंट, लेमनग्रास! परतताना माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, "आजीकडेपण लेमनग्रास आहे, पण ती त्याला चुकून चहा म्हणते." ते 'चुकून' मला फार लागलं.

खराडीला आईची गॅलरी आहे. समोर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि कठड्याला गवती चहा, पानफुटी, सदाफुली, अडुळसा. मागच्या सुट्टीत नातीनं मार्करनं नावं लिहिली, तर एप्रिल-मेच्या उन्हानं शाई पार उडाली. शिसपेन्सिलीनं लिहिलेली तेवढी राहिली. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, उन्हानं त्याचा रंग जात नाही. मग आईनं शीतपेयाचा रिकामा डबा कापला, धारदार कडा दुमडल्या, खाली वर्तमानपत्रांची चळत ठेवली आणि संपलेल्या रिफिलीनं नातीला नावं कोरायला लावली. आधी पट्टीनं शिरोरेघ, मग तिला लटकणारी अक्षरं. 'पानफुटी'तला 'फु' काढताना लेकीची जीभ बाहेर आली होती. एक पावसाळा झाला, अक्षरं जशीच्या तशी आहेत.

गवती चहा हे नाव ते पातं कुठे टाकायचं ते सांगतं. पानफुटीचं पान मातीवर ठेवलं की कडेनं रोपं फुटतात. नाव कळलं की अर्धं झाड कळतं. शास्त्रीय नाव खाली जरूर लिहा, माझी हरकत नाही. पण १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाचा पहिला खंड निघाला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलं आहे. लॅटिन ग्रंथात नागरीला जागा मिळते आणि आपल्याच पोरांच्या पाटीवर मिळत नाही?

फार उपदेश झाला, माफ करा. ज्यांनी उन्हात उभं राहून चाळीस मुलं सांभाळली, त्यांच्या मदतीला मी गेले नव्हते. आमच्या मसाल्याच्या डब्यांवरही 'टर्मेरिक', 'क्युमिन' मीच लिहिलंय. या रविवारी त्या चिठ्ठ्या काढून हळद आणि जिरं लिहायला लेकीला बसवणार आहे.

येत्या वसंतात रोपं लावायच्या दिवशी कात्री, रिफिली आणि कडा दुमडलेले पत्रे मी घेऊन येते. तुम्ही एवढंच करा: आदल्या दिवशी मुलांना आजी-आजोबांना फोन लावून द्या आणि प्रत्येकाला एका झाडाचं नाव विचारून यायला सांगा.